धरणारा

घणसोलीच्या दवाखान्यात
सुई डॉक्टरांची,
धरणं माझं.

मांजर टॉवेलात गुंडाळायचं, मान मोकळी.
कुत्र्याचा जबडा कोपराच्या बेचक्यात.
पोपट मुठीत, पण मूठ आवळायची नाही.
एवढं शिकायला दोन वर्षं गेली
आणि अंगठ्याचं एक नख.

काल सेक्टर सातची जिनी आली,
म्हातारी लॅब्राडोर.
मालक सही करून बाहेर उभे,
गाडीची किल्ली बोटावर फिरवत.
तिनं माझ्या डाव्या तळव्यात हनुवटी टेकली,
मी कोण, न विचारता.
मग हनुवटी जड होत गेली.

डॉक्टरांनी वहीत वेळ लिहिली.
वहीत धरणाऱ्याचा रकाना नाही.

घरी रंजितानं विचारलं, हात धुतलेस?
धुतले होते. दोनदा.
तरी डावा तळवा
तसाच उताणा ठेवून जेवलो.