तळहात

रात्री दोनला कूलरचं पाणी संपतं
आणि तळहात जागे होतात.

"पैसा येनार व तुले,"
मेश्रामकाकू म्हणाल्या होत्या.
सात रात्री खाजवले. आला तो
धंतोलीच्या लॅबचा कागद :
पित्ताम्ल बेचाळीस.

डॉक्टर बोकडेबाई हसल्या नाहीत.
गोळी लिहिली, अडतिसाव्या आठवड्याखाली रेघ मारली,
म्हणाल्या, हललं की मोजायचं.

आता पाय बादलीत.
खालून सावजीच्या कढईचा शिळा वास,
पोटात ढवळतं.
प्रणय झोपेतही माझी बोटं
मुठीत धरून ठेवतो,
नखं लागू नयेत म्हणून.

सहा.
सात.
कूलर कोरडाच फिरतोय.
आठव्याची वाट बघताना
तळहात
पोटावर सपाट ठेवलेत,
खाजवायचं राहून गेलंय.