पायफळी

दर वेळी कुत्रंच अडकायचं.
तीन रात्रींत तीन कुत्री, मग एक डुक्कर,
आणि पाचव्या सकाळी तबेल्यातला पोऱ्या,
कोंबडी चोरायला शिरलेला, आत बसून रडत होता.

भुरकूड गार्डनं पिंजरा टेम्पोत घातला,
आरेहून मरोळला आमच्या गाळ्यावर आणला.
"पांचाळ, हा कुणालाही धरतो.
ज्याला धरायचं तो सोडून."

बाबांनी आधी नुसतं ऐकलं.
दार वर ओढायचं, पायफळीवर तळवा दाबायचा. धाड्.
पुन्हा. धाड्.
शेजारच्या रोझी आंटीनं खिडकी आपटली.
बाबांचे डोळे मिटलेले.
धाड्-च्या आधी एक बारीक कुरकुर होती,
ते ती शोधत होते.

"खटका घसरतोय," म्हणाले. "घसरू नये, तुटावा.
बोलता बोलता माणूस गप्प होतो ना, तसा."

मेणबत्तीची काजळी खाचेवर धरली,
खुंटी बसवली, काढली.
जिथं लोखंड लोखंडाला लागत होतं
तिथं काळं पुसलं गेलेलं, तांदळाएवढं, वाकडं.
तेवढ्यावरच कानशीचे तीन हात.
मग पॉलिश पेपर. मग परत काजळी.
दोन दिवस गाळ्यात दुसरं काम नाही,
गिऱ्हाइकाची ग्रिल तशीच भिंतीला टेकलेली.
जुन्या लुनाच्या सीटचा फोम कापून फळीखाली भरला,
खडा अडकू नये, पाचोळा साचू नये.
तेल नाही, मेण.
"तेलाचा वास त्याला आपल्याआधी कळतो."

मग वजन.
रेशनच्या दुकानातून मापं आणली, दहाची दोन, पाचाचं एक.
कुत्रं वीस-बावीस.
बिबट्या चाळिसाच्या पुढं, गार्डच्या अंदाजानं.
"आणि पाड्यातली पोरं?"
आई डबा द्यायला आली होती, जाता जाता म्हणाली.

कानस थांबली.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी नऊ वर्षांची, नुकती शाळेतून आलेली.
दप्तर उतरवू लागले तर म्हणाले, राहू दे,
पोरांच्या पाठीवर असतंच.

पहिल्यांदा उभी राहिले आणि दार पडलं,
माझ्या मागं, वारा लागला मानेला.
सळ्यांतून बाबांचा चेहरा
उभा उभा चिरलेला.
"घाबरलीस?"
नाही म्हटलं. खोटं होतं ते.
स्क्रू अर्धा आटा. "ये परत."
पुन्हा पडलं. पाव आटा.
सातव्यांदा नाही पडलं.
"उडी मार."
मारली. दप्तरातला कंपास खडखडला, दार वरच.
मग बाबा स्वतः चढले, आणि खाड्!
कुरकुर नाही, काही नाही.
आत अडकलेले बाबा एवढे हसले
की रोझी आंटीनं पुन्हा खिडकी उघडली.

आठ दिवसांनी भुरकूड आला.
कुत्रं नाही. डुक्कर नाही. कुणीच नाही.
कोंबडीच्या कप्प्याची जाळी तेवढी फाटलेली, पिसं.
त्यानं फळीवर पीठ भुरभुरलं होतं,
त्यात पंजे होते, आत आलेले,
मधेच बसकण मारल्याची जागा, शेपटीची एक रेघ,
आणि निवांत बाहेर गेलेले.
"पिल्लू," तो म्हणाला. "वर्षभराचं.
भरेल पंचवीस किलो."
माझ्या-माझ्या-दप्तराएवढं.

बाबांचा हात पान्ह्याकडे गेला.
मग त्यांनी तो पॅण्टला पुसला
आणि ग्रिलचं माप काढायला लागले.

आता मी एकसष्ट किलो.
लिफ्टमध्ये, वजनकाट्यावर,
अंधेरी मेट्रोच्या सरकत्या जिन्याच्या पहिल्या पट्टीवर
माझा पाय क्षणभर हवेतच राहतो,
कुरकुर येते का ऐकत.
मागून कुणीतरी म्हणतं,
अहो ताई, चला ना पुढं.