एसीचं पाणी

चौदा वर्षं झाली गाडीला,
आणि परवाच माहीम कॉजवेच्या सिग्नलला
शेजारच्या डिलिव्हरीवाल्या पोराने
हेल्मेटची काच वर करून विचारलं,
काका, शोरूममधून कधी काढली?
मी नुसता हसलो.
खोटं बोललो नाही, खरंही सांगितलं नाही.

गुपित पाण्यात आहे.
नळाचं पाणी सुकताना टाकीवर पांढरे ठिपके ठेवून जातं.
बोअरच्या पाण्याने तर क्रोमला देवीचे व्रण येतात.
शिवाय जिन्यात नोटीस: गाड्या धुण्यास सक्त मनाई,
खाली सेक्रेटरींची सही, सहीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

म्हणून एसीचं पाणी.
पहिल्या मजल्यावरच्या कोठारेंचा एसी रात्रभर ठिबकायचा
बरोबर माझ्या पार्किंगच्या कोपऱ्यात.
तिथे मी रंगाचा रिकामा डबा ठेवला, वीस लिटरचा.
सकाळी सहाला निम्मा भरलेला,
गार, निर्मळ,
कुणाच्याच मीटरवर न चढलेला.

मग माझा पाऊण तास.
स्पोकांना दातांचा जुना ब्रश,
टाकीला बनियनचा तुकडा, शिवण उसवून,
कारण शिवण रंगावर ओरखडा काढते.
सायलेन्सरला दोन थेंब खोबरेल, गाडी गार असतानाच.
समोरच्या टॉवरचं सिमेंट, खाडीवरची खारी हवा,
डोक्यावरच्या झाडाचा चीक,
आणि कावळे, ज्यांना अख्ख्या रांगेत
माझीच सीट दिसते:
सगळ्यांचा हिशोब रोजच्या रोज.
सुमेधा गॅलरीतून म्हणते,
एकदा फ्रिजचं रबर पण पूस.

फेब्रुवारीत डबा काठोकाठ भरायला लागला.
मार्चमध्ये वाहायला लागला.
मी खूश. दुसरा डबा आणला.
लिफ्टमध्ये कोठारेबाई भेटल्या,
हातात मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट,
म्हणाल्या, ह्यांना दिवसाही उकाडा सोसत नाही आता.
मी म्हणालो, हो ना,
यंदा फारच आहे.

एका मंगळवारी डबा कोरडा.
आधी वाटलं, कुणी हलवला.
जागचा हलला नव्हता.
वर पाहिलं. पाइपच्या तोंडाशी एक थेंब
लोंबत होता नुसता.
जिन्यात चपलाच चपला.

स्मशानात मी बाइकवरून गेलो,
गाडी लावली फाटकापाशी, मग पुन्हा काढली,
भिंतीच्या पलीकडे नेऊन लावली.
फार चमकत होती.

दहाव्यानंतर बाई खाली आल्या,
कचऱ्याची पिशवी ठेवून थांबल्या.
म्हणाल्या, उसगावकर, ह्यांना झोप नसायची हो.
खिडकीशीच पलंग होता.
तुमच्या डब्यात थेंब पडायचे ते ऐकत बसायचे.
आवाज जाड झाला की मला उठवून सांगायचे,
निम्मा झाला बघ त्याचा.
कधी पहाटे पहाटे म्हणायचे,
आता येईल तो, ब्रश घेऊन.

मला काय बोलावं सुचेना.
म्हणालो, दुसरा डबा मी कशाला आणला कुणास ठाऊक.
त्या म्हणाल्या, त्याचाही आवाज ओळखायचे.

आता टाकीवर बोटभर धूळ आहे.
बोट फिरवलं तर खालचा लाल निघतो,
पण मी फिरवत नाही.

काल रात्री उशिरा बाटलीभर पाणी घेऊन खाली उतरलो,
डब्यापाशी उकिडवा बसलो,
आणि झाकण थोडंसं सैल करून
एकेक थेंब सोडून पाहिला.
रिकाम्या डब्यात
फार मोठा आवाज होतो.
चौथ्या की पाचव्या थेंबाला
वर खिडकीची कडी निघाली.
मी बाटली सरळ धरली.
थोडा वेळ थांबलो.
मग पुन्हा तिरकी केली.