प्रश्न चौथा, गुण दहा

आद्य मंडळीच्या वाढीची राजकीय व सामाजिक कारणे लिहा.
टपालाने आलेला पेपर सरकीच्या ढिगाआड उघडला.
रात्रपाळी. जिनिंगचे रोलर बंद, हवेत अजून रुई.
पेनाच्या टोकाला तंतू चिकटतो
आणि अक्षराअक्षराला दाढी फुटते.

पुस्तकात आधी रस्ते आहेत.
रोमी शिपायांसाठी बांधलेले, कर वाहण्यासाठी बांधलेले,
त्यांवरून चालत गेले तंबू शिवणारे, कातडं कमावणारे,
चपलेत खडा आणि तोंडात बातमी घेऊन.
तसंच लिहिलं. आणि खाली, कोणी न विचारता:
साहेबाने रूळ टाकले ते आमच्या कापसासाठी.
गाठींच्या फटीत बसून मूर्तिजापुरास उतरला एक उपदेशक,
मळकं धोतर, पिशवीत पत्रकं.
त्याचं तिकीट कोणी काढलं होतं, ते कळत नाही.

मग गुलाम.
गुलामाला नाव नसतं, हाक असते.
माझ्या पणजीला होती: ए ठके.
मिशनच्या वहीत चढलं, सलोमी कोंडू खंडारे,
निळ्या शाईत, पाळकाच्या शाळकरी वळणात.
म्हणतात, ती दर आठवड्याला येऊन विचारी,
"हाये का जी अजून? पुसलं तं नाही?"

साथींवर पुस्तक घाईत आहे, एक परिच्छेद.
मी घाईत नाही.
मानमोडीच्या साली पूर्णेकाठच्या आमच्या गावात
ज्यांच्याकडे बैलगाडी होती ते मळ्यात राहायला गेले.
आजारी आत ठेवले, कडी बाहेरून.
खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची एकच विहीर,
तिच्या पायरीला सलोमीची सावली चालत नसे.
तिने नदीच्या वाळूत झिरा उकरला,
नरोटी नरोटी करत घागर भरली,
आणि आळीआळीत फिरली, कड्या काढत.
तापात कोणी विचारत नाही पाणी कोणाच्या हातचं.
ताप उतरल्यावर विचारतात.

देशमुखांच्या यमुनेने विचारलं नाही.
बाळंत व्हायच्या आधीच कपाळ पांढरं झालेली,
पुढच्या रविवारी मागल्या दाराने आली,
पदराआड तांब्या.
"मलेही इथंच बसू द्या," म्हणाली.
हे कारण धार्मिक की सामाजिक?
पेपरात दोन वेगळे रकाने आहेत.

रोमातही म्हणे गरिबाला पुरायला वर्गणी लागे;
ही माणसं वर्गणी न विचारता खड्डा खणत.
आमच्याकडे खड्डा खणणं आधीपासून आमचंच होतं.
फरक एवढाच, की आता खणून झाल्यावर
आम्ही थांबू लागलो, मुंडासं काढून, उभे,
आणि मेलेल्याचं पुरं नाव घेऊ लागलो.

शेवटी बादशहा.
त्याने खूण ढालींवर काढली, लढाई जिंकली,
बिशपांच्या दारी सरकारी घोडे आले.
पुस्तक ह्याला विजय म्हणतं.
मी पेन ठेवून तंबाखू चोळली.

आमच्या चर्चवर टिनाच्या जागी स्लॅब पडला त्या दिवशी
आमदारांसाठी सोसायटीतून मखमली खुर्ची आणली होती.
ठेवायला जागा नव्हती, म्हणून
पुढल्या चटईवरच्या म्हाताऱ्यांना मागं सरकवलं.
त्यांत सलोमीची सून होती.
ती सरकली. तिला कोणी शिकवावं लागलं नाही.
हा मुद्दा म्हणून लिहू का, सर?
की नुसतंच लिहू: मंडळी वाढली,
आणि वाढताना कोणाचा तरी पाय
कोणाच्या तरी चटईवर पडला?

महिन्याने पेपर परत आला. लाल शाईत:
विषयांतर. पुस्तकातील मुद्दे हवेत. दहापैकी चार.
चुलता ढोरांना कडबा टाकत होता, त्याला दाखवला.
त्याने कागद उलटा धरला, सुलटा केला,
"चार लय झाले, बाप्पा," म्हणाला,
"मानमोडीनं आपल्या घरी चारच ठेवले होते."