तिसरा सिलिंडर

गवाणकर डॉक्टरांची हिलमन, एकावन्न सालची,
तुळसच्या चढणीवर आवळून बसली.
टेम्पोला दोर बांधून वेंगुर्ल्यात आणली, तेव्हा
रंजन म्हणाला, "खारं वारं, मेस्त्री. दुसरं काय?"

इथे सगळं खाऱ्या वाऱ्यावर ढकलतात.
बिजागऱ्या, रेडिओ, मोडलेली सोयरीक.
मी ऐकून घेतलं
आणि आधी मैलांचा आकडा वाचला:
एकेचाळीस हजार नऊशे बारा.

वारं बाहेरून खातं. मडगार्डची चाळण झालीय, कबूल.
पण हेड उचललं तर पहिला सिलिंडर साफ,
दुसराही. चौथ्यात माझेच दात दिसले.
तिसऱ्याच्या भिंतीवर मात्र ओरखडे,
आत मांजर कोंडून ठेवलं होतं जणू.

पाणी कमी पडलं म्हणावं, तर चारही भाजले असते.
तेल बोटावर घेतलं, जिभेला लावलं
(इनास मेस्त्री असंच करायचे, माझी बायको ओरडते).
जळकं, पण पातळ नाही.
पंप ओढत होता, वाट मोकळी होती,
म्हणजे तेल दारापर्यंत येत होतं
आणि दार कुणी उघडत नव्हतं.

दिवेलागणीला कनेक्टिंग रॉड सोडला.
वरच्या बेअरिंगच्या पाठीशी पत्र्याची पट्टी.
तेव्हा असं करायचे. हिलमनचे सुटे भाग
तेव्हाच मिळेनासे झालेले,
ढिल्या बेअरिंगला मागून टेकू द्यायचा, झालं.
कोणाचं काम म्हणून चिंधीने पुसली.
हिरवा रंग. पोपटाची अर्धी शेपटी.

पोपट छाप हिंगाचा डबा.
माझ्या आईच्या फळीवरचा.

सतरा वर्षांचा होतो. पट्टी कापून झाली होती,
तिला भोक पाडायचं राहिलं होतं,
नाचणीच्या दाण्याएवढं,
रॉडमधल्या भोकासमोर नेमकं.
तेल तिथून उडतं आणि भिंत भिजते.
इतक्यात ओरड आली, उभादांड्याला रापण भरली,
बांगडाच बांगडा.
बाजार टोपल्या घेऊन पळाला. मीही.
परतलो तो हाताला खवले,
पट्टी होती तशी बसवून टाकली.
इनास मेस्त्रींनी चष्म्यावरून विचारलं,
"भोक पाडलंस मां रे?"
"होय."

जुनी वही शोधली. वाळवीने कडा खाल्ल्यात,
मधलं त्यांचं गोल अक्षर शाबूत:
एकेचाळीस हजार दोनशे चार.
पुढे डॉक्टर गेले, रंजन मस्कतला,
गाडी ताडपत्रीखाली, कधी लग्नाला, कधी मतदानाला.
सातशे आठ मैल.
एवढे मैल तिसरा कोरड्या घशाने चालला
आणि बाकीच्या तिघांना पत्ता नाही.

गिऱ्हाइकं म्हणायची,
इनासचं काम म्हणजे बघायला नको.
माझ्या कामाचंही तेच. त्यांनी बघितलं नाही.
आता इगर्जीमागे निजलेत, चौदा वर्षं झाली.

आजची तारीख घातली. "कारण"च्या पुढे
भोक नव्हतं, असं लिहिलं. खोडलं.
बांगडे, असं लिहिलं. तेही खोडलं.
मग लिहिलं, होय म्हणालो.
मजुरीचा रकाना कोरा.

सकाळी रंजन दारात, चपला न काढता.
"खारं वारंच ना, मेस्त्री?"

तोंडात अजून जळक्या तेलाची चव होती.
होय म्हणायला काहीच लागलं नसतं.
मी त्याचा हात ओढला
आणि तळव्यावर अर्धा पोपट ठेवला.