दे

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या पेटीवर बसून
विगोच्या ट्रॉलरसाठी अर्ज भरतोय.
होडी आहे : तेनेर चालेल.
पोसेएर नको, त्यात कागद येतात,
आणि कागद सोसायटीच्या कपाटात, तीन हप्त्यांखाली.

पुढे पेर्तेनेसेर. कुणाचं तरी असणं.
इथे पेन थांबलं.
सातबाऱ्यावर आजा 'इतर हक्कां'त, कूळ म्हणून.
बारा गुंठे त्याचे नव्हते;
तो मात्र त्यांचा होता, गुडघ्यापर्यंत.

जाळं सांधणारा भिवगो मान वर न करता विचारतो,
"कोणाचो रे तू?"
"बाबल तांडेलाचो."

त्या 'चो'ला तिकडे नुसतं 'दे' म्हणतात.

"मगे सरक थोडो," भिवगो म्हणतो,
"नि विडी दे."