मुद्देमाल क्रमांक एकेचाळीस

उद्या चार्ज द्यायचा, म्हणून आज यादी.
मोहसडव्याचं काही उरत नाही.
तो जागेवरच, पंचांसमोर, सती नदीच्या उतारावर ओतायचा,
नमुन्याला एक बाटली, लाख, सही, अंगठा.
दुसऱ्या दिवशी गावची ढोरं झिंगून रस्त्यात बसलेली.
मालखान्यात उरलेत हंडे, रबरी नळ्या, जर्मनचा एक डेग
आणि क्रमांक एकेचाळीस.

ही इथली नाही.
तेंदूच्या ठेकेदाराच्या जीपमध्ये सीटखाली सापडली,
टॉवेलात गुंडाळलेली, लेकरू गुंडाळावं तशी.
जिल्ह्यात दारूबंदी लागली त्याच्या पुढचा उन्हाळा.
लेबलावर धुक्यातली टेकडी, एक ओढा, आणि वय : तीस.
मी तेव्हा सव्वीसचा.
पावती लिहिताना हात जरा अदबीनं चालला.

बोरकुटे वकील आरोपीचे. कोर्टाबाहेर चहा पीत सांगायचे :
जव भिजवायचा, मोड आणायचे,
मटकीसारखंच म्हणा, फक्त उसळ करायची नाही,
ओल्या मातीच्या धुरावर वाळवायचा,
मग तांब्याच्या डेगीत दोनदा उडवायची.
पहिली धार बाजूला, शेवटची बाजूला,
मधली तेवढी घ्यायची.
'पहिल्या धारेची फेकतात?'
पुसाराम शिपायाचा चेहरा, घरात कुणी गेल्यासारखा.

मग लाकडात. जुन्या पिंपात, अंधारात, तीस पावसाळे.
लाकूड श्वास घेतं, वकील म्हणाले,
दरसाल थोडी हवेत जाते,
तिकडचे लोक म्हणतात, तो देवदूतांचा वाटा.
आणि बाटलीत भरली की?
भरली की संपलं. काचेत वय थांबतं.

तारीख पडली.
तारीख पडली.
ठेकेदार वारला. सात न्यायाधीश बदलून गेले.
बोरकुट्यांच्या जागी त्यांचा मुलगा उभा राहू लागला,
त्यालाही चष्मा लागला.
मी कधी थेंब घेतला नाही, तरी केस पांढरे.
ती तीसचीच.

एकदा रैनूबाई नैताम, चौथ्यांदा पकडलेली,
अंगठा द्यायला थांबली होती मालखान्याच्या दारात.
'हे काय जी, चहाच्या रंगाचं?'
मी सांगितलं सगळं. तीस वर्षं. लाकूड. देवदूत.
ती हसली, मग हसायची थांबली.
'कोन्या झाडाचं लाकूड?'
आपल्याकडे नाही ते झाड.
'तीस वर्सं वाट पायली म्हनजे
ज्यानं गाळली त्यानं नसंल पेली.'
हे मला वकिलांनी सांगितलं नव्हतं.

मग तिनं तिचं सांगितलं, मी विचारलं नसताना :
फूल पहाटे वेचायचं, दव असेतोवर,
वाळलं की मनुकासारखं झालं पाहिजे, काळं नाही.
भिजत घातलं की रात्री हंड्याला कान लावायचा,
बोलणं थांबलं की चुलीवर.
जाळ मोठा केला तर करपल्याचा वास जन्मभर जात नाही.
आणि पहिले थेंब जमिनीवर, जुन्यांच्या नावानं.
'तुमचे देवदूत मागून घेतात,
आम्ही आधीच देऊन टाकतो.'
शाई लागलेला अंगठा तिनं माझ्याच भिंतीला पुसला.
तो अजून आहे. यादीत नाही.

आज बाटली उजेडात धरली.
सील शाबूत. लाख शाबूत. चिठ्ठीवर माझीच जवान सही.
आणि दारू दोन बोटं खाली.
बूच वाळलं असणार. बत्तीस उन्हाळे, वर पत्रा.
खोलीत इतकी वर्षं जो गोडसर वास यायचा,
तो मी मोहाचा समजत होतो.

नवा मुलगा, उसेंडी, रजिस्टर घेऊन उभा :
साहेब, घट दोन बोटं. कारण काय लिहू?
मला एक वाक्य सुचलं. दुसऱ्याचं होतं.
लिही, म्हटलं, कारण : उन्हाळा.
त्यानं लिहिलं. मी खाली सही केली.
बाटली परत ठेवताना तळहात हुंगला,
आणि तसाच, न धुता, घरी निघालो.